पॅकली : प्रशांत महासागरातील निकालांचे मोफत दालन

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागल्यावर रिट याचिकांचे काम आपल्या गावातच चालू झाले आहे, आणि घटनात्मक वादांचे निकाल मुळातून वाचण्याची गरज येथील तरुण वकिलांना व कायद्याच्या विद्यार्थ्यांना पूर्वीपेक्षा अधिक भासू लागली आहे. भारतीय निकालांसाठी साधनांची वाण नाही. येथे परीक्षण करायचे आहे ते एका आडवाटेच्या साधनाचे. ‘पॅसिफिक आयलंड्स लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट’ असे लांबलचक नाव असलेली आणि ‘पॅकली’ या लघुनामाने ओळखली जाणारी ही सेवा वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथून, साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायदा विभागामार्फत चालते. फिजी, टोंगा, सामोआ, नौरू, तुवालू, सॉलोमन बेटे अशा देशांचे कायदे आणि न्यायनिवाडे तेथे कोणालाही वाचता येतात आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

अशा सेवेची पारख करायची तर तिच्याकडून एखादा गुंतागुंतीचा वाद समजून घेऊन पाहावा. त्यासाठी सामोआचे २०२१ हे वर्ष निवडावे, असे मी सुचवेन. सुमारे दोन लाख लोकसंख्येच्या या देशात १९९८ पासून तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओइ हे पंतप्रधान होते आणि त्यांचा पक्ष त्याआधीपासून, मधला थोडा काळ सोडला तर, १९८२ पासून सत्तेवर होता. ९ एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत ५१ जागांपैकी त्यांना २५ मिळाल्या, त्यांच्याच मंत्रिमंडळातून आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या फिआमे नाओमी माताआफा यांच्या ‘फास्ट’ पक्षालाही २५ मिळाल्या आणि एक अपक्ष निवडून आला. तो अपक्ष कोणाकडे जाणार याची सारे वाट पाहत असतानाच निवडणूक आयुक्तांनी, घटनेतील महिलांच्या किमान दहा टक्के प्रतिनिधित्वाच्या तरतुदीवर बोट ठेवून, सत्ताधारी पक्षाच्या एका महिलेला जादा सदस्य म्हणून जाहीर केले. लगेच अपक्ष ‘फास्ट’कडे गेला आणि सभागृह २६ विरुद्ध २६ असे अडकले.

या वादाचा गाभा अपूर्णांकात आहे. ५१ चे दहा टक्के ५.१ होतात आणि निवडून आलेल्या महिला ५ होत्या. त्यात घटनेच्या कलम ४४ मध्ये, दहा टक्के म्हणजे ‘सध्या ५’, असा खुलासाही होता. तो लिहिला गेला तेव्हा सभागृह ४९ जागांचे होते, पुढे जागा वाढल्या आणि आकडा मात्र तसाच राहिला. जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या आरक्षण सोडतीचे राजकारण पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकाला ही रस्सीखेच परकी वाटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ मे रोजी ही जादा जागा आणि कोंडी फोडण्यासाठी राष्ट्रप्रमुखांनी जाहीर केलेली फेरनिवडणूक, दोन्ही रद्द ठरवल्या. सामोआत सर्वोच्च न्यायालयाच्याही वर असलेल्या अपील न्यायालयाने जूनच्या आरंभी वेगळी वाट धरली: किमान महिला सदस्य ६ हव्यात हे खरे, पण ती नेमणूक सर्व निवडणूक याचिका निकाली निघाल्यावरच करता येईल. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचण्यातच या सेवेची खरी किंमत कळते, कारण बातमीत ‘कोण जिंकले’ एवढेच उरते आणि न्यायमूर्तींनी त्याच शब्दांतून दोन भिन्न निष्कर्ष कसे काढले हे निकालाच्या परिच्छेदांतूनच उमगते.

पुढचा भाग तर अधिक नाट्यमय आहे. निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरली पाहिजे, असे घटना सांगते. ती मुदत २४ मे रोजी संपत होती. राष्ट्रप्रमुखांनी बोलावलेले अधिवेशन शनिवारी रात्री त्यांनीच स्थगित केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ती स्थगिती बेकायदा ठरवली. सोमवारी संसदेची दारे कुलूपबंद होती. सरन्यायाधीश सातिऊ सिमातिवा पेरेसे स्वतः तेथवर जाऊन परत आले आणि ‘फास्ट’च्या सदस्यांनी आवारातल्या तंबूत शपथ घेतली. अपील न्यायालयाने २३ जुलै रोजी, आवश्यकतेच्या तत्त्वाचा, म्हणजे दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा नेहमीच्या रीतीबाहेरची कृतीही वैध मानण्याच्या तत्त्वाचा, आधार घेत, तो शपथविधी वैध ठरवला आणि माताआफा सामोआच्या पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून निर्विवाद झाल्या. महाराष्ट्रातील जून २०२२ च्या सत्तांतराचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला होता, हे आठवले की रविवारचा तो आदेश वाचताना मन थबकते. दोन्ही प्रकरणांतले प्रश्न सारखे नाहीत आणि लहान न्यायव्यवस्थेला जे जमते ते मोठीला जमेलच असेही नाही. तरीही वेळेवर आलेला आदेश आणि उशिरा आलेला आदेश यांच्या परिणामांत केवढे अंतर पडते, हे या तुलनेतून दिसल्याखेरीज राहत नाही.

सेवेची मांडणी अगदी साधी आहे: देश निवडावा, न्यायालय निवडावे, वर्ष निवडावे आणि निकाल उघडावा. सामोआच्या निकालांच्या क्रमांकात देशाची अक्षरे अजूनही ‘पश्चिम सामोआ’ या जुन्या नावाचीच आहेत. नाव १९९७ मध्ये बदलले, पण शोधताना हे ठाऊक असलेले बरे. व्यावसायिक भारतीय नियतकालिकांतील हेडनोटच्या, म्हणजे निकालाच्या आरंभी छापलेल्या सारांशाच्या, सवयीने येणाऱ्याने मात्र आधी धीर धरावा, कारण येथे मुख्यत्वे निकालाचा मजकूर हाती येतो आणि मुद्दे आपले आपण काढावे लागतात. मला हा दोष वाटत नाही. नवशिक्या वकिलाने तयार टिपणांवर विसंबण्याऐवजी वर्षातून एकदा तरी असा कोरा निकाल चिवटपणे वाचावा.

खरी अडचण संदर्भाची आहे. सामोआत मताधिकार सार्वत्रिक असला तरी निवडणुकीला उभे राहण्यासाठी ‘मताई’, म्हणजे कुटुंबप्रमुखाची पदवी, असावी लागते, आणि जमीन व पदव्यांच्या वादांसाठी तेथे वेगळे न्यायालय आहे. याच न्यायालयाला सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीबाहेर काढणाऱ्या २०२० च्या विधेयकांवरून माताआफांनी उपपंतप्रधानपद सोडले होते. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हे सारे वाचकाला माहीत असल्याचे गृहीत धरतात. म्हणून सामोआची राजधानी आपिया येथील वृत्तपत्रांची त्या काळातली बातमीपत्रे सोबत ठेवल्याखेरीज बाहेरच्याला अर्धेच चित्र मिळते.

सामोआ संपवल्यावर वानुआतूकडे वळावे. तेथे ऑक्टोबर २०१५ मध्ये लाचखोरीत दोषी ठरलेल्या खासदारांपैकी एक असलेले सभापती, राष्ट्राध्यक्ष परदेशी असल्याने प्रभारी राष्ट्राध्यक्ष झाले होते, आणि त्या अधिकारात त्यांनी स्वतःला व सहकाऱ्यांना माफी देऊन टाकली. राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल यांनी परतल्यावर ती मागे घेतली आणि त्याच महिन्यात १४ खासदारांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. नौरूचा क्रम त्यानंतर लावावा. तेथील सरकारने जानेवारी २०१४ मध्ये निवासी दंडाधिकाऱ्यांना देशाबाहेर काढले आणि सरन्यायाधीशांचा व्हिसा रद्द केला. ते वाचताना सामोआचे निकाल आधी वाचलेले असणे फार उपयोगी पडते.