लोकअभिरक्षक कार्यालय: सत्र खटल्यात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा अशा आरोपाखाली घरातलं माणूस अटक झालं की नातेवाइकांना पहिला सल्ला मिळतो तो दागिने मोडून, शेत गहाण टाकून 'मोठा वकील' लावण्याचा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे सरकारी खर्चाने बचाव करणारं पूर्णवेळ कार्यालय आहे, हे अनेकांना फार उशिरा कळतं. आरोपींच्या कुटुंबांसोबत कोर्टाच्या तारखा करत आम्ही ही सेवा काही महिने वापरली. आमचं मत आधीच सांगतो. अटकेपासून जामिनापर्यंत हे कार्यालय चांगलं काम करतं. साक्षीपुरावा सुरू झाला की त्याचं काम किती चांगलं होईल, हे वकिलापर्यंत किती माहिती पोहोचली यावर ठरतं. आरोपी कारागृहात आणि वकील कोर्टात. मधलं अंतर कुटुंबालाच भरून काढावं लागतं.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ साली ही योजना सुधारित स्वरूपात आणली. इथले वकील खासगी वकिली करू शकत नाहीत. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्याला ७ वर्षांचा. सहायक मात्र अगदी नवखेही असू शकतात. त्यामुळे प्रकरण कोणाच्या नावावर टाकलं आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. ज्या गुन्ह्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, त्यात किमान १० वर्षं वकिली केलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी साधारण किमान ७ दिवस मिळावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. खुनाची फाइल एकट्या सहायकाकडे दिसली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करा. हा तुमचा हक्क आहे, त्यात भीड बाळगू नका.

पात्रतेचा घोळ बऱ्याच ठिकाणी होतो. महाराष्ट्रात ३ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, पण ती सगळ्यांना लागू नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती उत्पन्न न पाहता पात्र ठरते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातल्या माणसाच्या अर्जासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला गेला, तर हे कलम दाखवा. अर्ज साध्या कागदावर चालतो: आरोपीचं नाव, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमं, सध्या कुठे ठेवलं आहे, पुढची तारीख. तुरुंगातूनही अर्ज देता येतो. १५१०० या हेल्पलाइनवर रस्ता विचारता येतो. वकिलाची फी लागत नाही, आणि कोणी 'वरखर्च' मागितला तर तीच तक्रार सचिवांकडे न्यावी.

पहिल्या रिमांडला वकील मिळणं हा या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात, तेव्हा पीसीआर (पोलीस कोठडी) किती दिवसांचा द्यायचा ही चर्चा अनेकदा काही मिनिटांत आटोपते. रिमांडच्या कामावर नेमलेला लोकअभिरक्षक तिथे हजर असतो आणि तपास कशासाठी बाकी आहे हे विचारतो. या वेळी त्याच्या हातात तीन गोष्टी द्या: अटकेची खरी वेळ व जागा, अंगावर मारहाणीच्या खुणा असतील तर त्या, आणि अटकेची कारणं लेखी दिली का. ही कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी मिळाली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. मारहाणीची तक्रार आरोपीने स्वतः दंडाधिकाऱ्यांना तोंडी सांगितली आणि ती रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) उतरली, तरच पुढे तिला वजन राहतं. नंतर तुरुंगातून पाठवलेल्या पत्राचा तसा उपयोग होत नाही.

आता दोषारोपपत्राच्या मुदतीकडे येऊ. माणूस विनाकारण तुरुंगात राहतो तो बऱ्याचदा इथे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. मोजणी अटकेच्या दिवसापासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून करायची, आणि तो दिवस धरायचा. पहिला रिमांड ३ जानेवारीचा असेल आणि वर्ष लीप नसेल, तर साठावा दिवस ३ मार्चला येतो. अर्ज ४ मार्चला सकाळी कोर्ट उघडताच पडला पाहिजे. दोषारोपपत्र आधी दाखल झालं आणि अर्ज नंतर आला, तर हक्क गेला. म्हणून अर्ज किती वाजता दिला याची नोंद करून घ्या. जामीन मंजूर झाल्यावर जामीनदार उभा करायला वेळ लावू नका, कारण तेवढ्या वेळात दोषारोपपत्र आलं तर वाद उभा राहतो. शेवटच्या आठवड्यात कलमवाढ होऊन मुदत ६० वरून ९० वर नेली जाऊ शकते. त्यामुळे प्रत्येक रिमांड अर्जातली कलमं वाचा. मोक्का (संघटित गुन्हेगारी) आणि यूएपीए (दहशतवादी व बेकायदेशीर कारवाया) या कायद्यांखाली ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. एनडीपीएसमधल्या (अमली पदार्थांच्या) व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांत ती मुळातच १८० दिवसांची असते आणि एक वर्षापर्यंत वाढू शकते. कार्यालयात एका वकिलाकडे फाइली बऱ्याच असतात, म्हणून हा दिवस कुटुंबाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि चार दिवस आधी कार्यालयात जाऊन आठवण करावी. आमच्या पाहण्यात जिथे कुटुंबाने ही आठवण केली, तिथे अर्ज वेळेत तयार होता.

नेहमीच्या जामीन अर्जात सरकारी वकिलांचा 'से' (लेखी म्हणणं) येण्यात तारखा जातात. त्या काळात जामीनदाराची कागदपत्रं जमवा: आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर पगारपत्रक. ऐपत दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागत असेल, तर तेवढ्यापुरता रोख जामीन मागायला वकिलाला सांगा. अर्जातच ती विनंती घातली की पुन्हा वेगळी तारीख लागत नाही. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी किंवा जामीनदाराअभावी माणूस आतच राहिला, तर सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत: सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात मुचलका भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. अट शिथिल करण्याचे अर्ज हे कार्यालय मनापासून करतं, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

दीर्घकाळ कच्च्या कैदेत असलेल्यांसाठी याच संहितेचं कलम ४७९ आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा मार्ग उघडतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ते लागू होत नाही.

खटला उभा राहिला की उणिवा दिसू लागतात. पहिली उणीव म्हणजे वकील आणि कैदी यांची निवांत भेट फार कमी होते. तारखेला कैद्याला व्हिडिओवरून हजर केलं तर बोलणंच होत नाही. यावर उपाय असा: दोषारोपपत्राची प्रत याच संहितेच्या कलम २३० प्रमाणे मोफत मिळते, तिची एक झेरॉक्स घरी ठेवा. प्रत्येक साक्षीदाराच्या नावापुढे आरोपीशी नातं, जुनं भांडण, जमिनीचा वाद, घटनेच्या वेळी तो कुठे होता, हे एकेका ओळीत लिहा. मुलाकातीत आरोपीकडून दुरुस्त्या घ्या आणि ती यादी वकिलाला द्या. कारागृहातल्या विधी सहायता केंद्रातल्या स्वयंसेवकांमार्फतही असा कागद वकिलापर्यंत जातो. आमच्या अनुभवात या एका यादीने उलटतपासणीचा दर्जा जितका सुधारला, तितका दुसऱ्या कशानेही नाही.

उलटतपासणीत कुठे चुकतं तेही सांगतो. साक्षीदाराने पोलीस जबाबात न सांगितलेली महत्त्वाची गोष्ट कोर्टात सांगितली, तर ती वगळ दाखवता येते. ती गोष्ट जबाबात नाही हे साक्षीदाराला दाखवून विचारायचं, आणि नंतर तपासी अंमलदार साक्षीला आला की 'ही गोष्ट साक्षीदाराने तुम्हाला सांगितली होती का' हे त्याच्याकडून नोंदवून घ्यायचं. दुसरी पायरी राहून गेली की विसंगती सिद्धच होत नाही आणि निकालात तिचा उल्लेखही येत नाही. साक्षीदार आणि तपासी अंमलदार यांच्या साक्षींत अनेक महिन्यांचं अंतर असतं, मधे वकील बदललेला असू शकतो, म्हणून ही पायरी सुटते. प्रत्येक साक्षीनंतर साक्षीची नक्कल घ्या आणि 'तपासी अंमलदाराला विचारायचे मुद्दे' अशी एक यादी वेगळ्या पानांवर वाढवत जा. वकील बदलला या एवढ्याच कारणावर साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज सहसा टिकत नाही.

पंचनाम्यांवर हे वकील मेहनत घेतात. पंच नेहमीचेच आहेत का, जप्त वस्तूला लाखेचं सील होतं का, मुद्देमाल रासायनिक विश्लेषणाला जाईपर्यंत कुठे होता, हे प्रश्न ते नेमाने विचारतात. डिजिटल पुराव्यात मात्र अजून ढिलाई आहे. सीसीटीव्ही किंवा मोबाइलच्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, त्याचे दोन्ही भाग आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे तपासायचा सांकेतिक क्रमांक) आहे का, हे स्वतः पाहा आणि हरकत निशाणी पडण्याच्या, म्हणजे पुराव्याला कोर्टाचा क्रमांक मिळण्याच्या वेळीच घ्यायला सांगा. बचावाच्या उपयोगाचं दुकानातलं चित्रण असेल, तर ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवसांत हवा. खासगी यंत्रांतलं जुनं चित्रण नव्याखाली पुसलं जातं. स्वतंत्रपणे फिरून बचावाचा तपास करण्याइतकं मनुष्यबळ या कार्यालयाकडे नाही.

दोन सहआरोपी एकमेकांवर दोष ढकलत असतील, तर दोघांना एकच वकील नको. लगेच वेगळा वकील मागा. तालुक्याच्या कोर्टात हे कार्यालय सहसा नसतं. तिथे तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवरचा वकील मिळतो आणि त्याचा अनुभव माणसागणिक फार वेगळा येतो.

कोर्ट आरोपीला प्रश्न विचारून घेतं त्या जबाबाला, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ ला, बहुतेक जण हलकं घेतात. शंभर प्रश्नांना 'खोटं आहे' एवढंच उत्तर देऊन माणूस बसतो. जिथे खरं स्पष्टीकरण आहे, उदाहरणार्थ कपड्यावरचं रक्त जखमीला उचलताना लागलं, तिथे ते सांगितलंच पाहिजे. लेखी निवेदन देण्याची मुभा आहे. त्याचा मसुदा आधीच्या आठवड्यात आरोपीला वाचून दाखवायला वकिलाला सांगा.

खासगी वकिलाशी तुलना विचाराल, तर चांगला, वेळ देणारा फौजदारी वकील परवडत असेल तर जरूर घ्या. पण नावाजलेल्या वकिलाची फी भरून प्रत्यक्षात दर तारखेला नवा ज्युनियर येणार असेल, तर रोज त्याच इमारतीत असणारा लोकअभिरक्षक आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर वकील बदलता येतो. तारीख ई-कोर्ट्स ॲपवर खटल्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून स्वतः पाहत राहा. बोर्डावर (त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत) मॅटर बदललं तरी कळतं.

शिक्षा झालीच तर निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे, फाशीच्या शिक्षेत ३० दिवसांची. जिल्ह्याचं कार्यालय उच्च न्यायालयात उभं राहत नाही. कागद उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जावे लागतात. निकालाच्याच दिवशी अपिलाचा अर्ज आणि साक्षींच्या नकलांचा तुमचा संच कार्यालयात द्या, आणि पाठवल्याचा जावक क्रमांक लिहून घ्या.