पैसे आधी की काम आधी?
समुद्रात रेखांश, म्हणजे जहाजाचं पूर्व-पश्चिम स्थान, अचूक काढून दाखवणाऱ्याला २०,००० पौंड बक्षीस, असा कायदा ब्रिटिश संसदेनं १७१४ साली केला. १९१३ साली मद्रास विद्यापीठानं पदवी नसलेल्या गणिती रामानुजनना महिना ७५ रुपयांची विद्यावृत्ती दिली. एकात काम आधी, दुसऱ्यात पैसे आधी.

बक्षिसात देणाऱ्याची चैन: जमलं तरच पैसे. धोका सगळा करणाऱ्याच्या अंगावर. समुद्रातही अचूक चालणारं घड्याळ असलं की रेखांश काढता येतो; सुतारकाम करणाऱ्या जॉन हॅरिसननी त्यापायी उभा जन्म घड्याळात घातला. १७६१-६२ च्या जमैका सफरीत त्यांचं घड्याळ जेमतेम पाच सेकंद मागे पडलं, तरी बक्षीस ठरवणाऱ्या रेखांश मंडळाचं समाधान होईना. शेवटी १७७३ साली, हॅरिसन ऐंशीच्या घरात असताना, संसदेनं त्यांना ८,७५० पौंड दिले. गंमत म्हणजे मधली वर्षं ते तगले ते मंडळानंच अधूनमधून दिलेल्या आगाऊ रकमांवर. बक्षिसाच्या पोटात विद्यावृत्ती दडलेली होतीच की!

विद्यावृत्तीत पैसे बुडाले तर देणाऱ्याचे. उद्दिष्ट मोजता येत असेल, तर बक्षीस मलाही पटतं. पण रामानुजनसाठी बक्षीस लावणार तरी कशावर? मद्रास बंदराच्या पोर्ट ट्रस्टमधला हा कारकून पुढे कोणती सूत्रं लिहील, कुणाला ठाऊक होतं? विद्यापीठानं मागितला तो फक्त तिमाही अहवाल.