जुन्या मारुती 800 मध्ये झेनचं इंजिन की वॅगनआरचं?

कार्ब्युरेटरवाली जुनी 800 आहे, पत्रा ठणठणीत आहे, पण 796 सीसीचं इंजिन धूर ओकतंय. अशा गाडीला आपल्याकडे दोन इंजिनं सुचवली जातात: झेनचं 993 सीसीचं जी10बी, कार्ब्युरेटरचं (हवेत पेट्रोल मिसळणारं जुन्या पद्धतीचं), किंवा वॅगनआरचं 1061 सीसीचं एफ10डी, इंजेक्शनचं (दाबाने पेट्रोल फवारणारं). मी दोन्ही वापरली आहेत. निवड बरीचशी गाडी कुठे आणि कोणत्या महिन्यात चालणार यावर ठरते, असं माझं मत.

काही गोष्टी दोन्हींत सारख्याच. चार सिलिंडर आडवे बसवायचे म्हणजे पुलीच्या बाजूला जागा आखडते. बेल्ट बदलताना पाना फिरेल एवढं अंतर सोडूनच फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार, वेल्ड करा. नाहीतर दर वेळी इंजिन खाली घ्यावं लागतं. गिअरबॉक्स इंजिनसोबतचाच घ्या. अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट त्या गिअरबॉक्सचा आणि चाकाकडचा 800 चा लागतो, म्हणून विकत घेण्याआधी दोन्हीकडचे दाते मोजा. अ‍ॅक्सल कापून वेल्ड करून देणारे भेटतील. ते नको, वळणावर तुटतो. गाडीला ब्रेक बूस्टर नसेल तर तोही याच कामात बसवून घ्या.

झेनच्या इंजिनाचं मोठं सुख म्हणजे वायरिंग. कॉईल, अल्टरनेटर, ऑइलचा दिवा, तापमानाचा सेंडर आणि कार्ब्युरेटरचा सोलेनॉइड, एवढं जोडलं की काम झालं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे पुढचा भाग जड होत नाही. मात्र एकदा जरी तापलं तरी हेड वाकलं का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) तपासायलाच हवं. 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फेसिंगशिवाय, म्हणजे हेड मशीनवर सपाट केल्याशिवाय, गॅस्केट टिकत नाही. बोअर 72, स्ट्रोक 61 मिलिमीटर असल्याने हे इंजिन फिरायला हलकं आहे, पण तोरणमाळच्या चढावर गिअर सारखा खाली घ्यावा लागतो.

एफ10डी तर 800 च्याच भावकीतलं. 800 च्या इंजिनाचा बोअर 68.5 आणि स्ट्रोक 72 मिलिमीटर. याचाही तोच, फक्त एक सिलिंडर जास्त. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असल्याने पुढच्या स्प्रिंग थोड्या बसतात.

माझा काटा फिरला तो मात्र एकाच त्रासाने: तापलेली गाडी पुन्हा सुरू करणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास असतो. भर दुपारी बाजारात गाडी वीस मिनिटं उभी केली की बोनेटखालची सगळी उष्णता कार्ब्युरेटरमध्ये मुरते. चालत्या इंजिनाला पंखा आणि वारा असतो, बंद इंजिनाला काहीच नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल 78 अंशांना उकळतं आणि पेट्रोलचा हलका भाग त्याच्याही आधी. कार्ब्युरेटरच्या बाऊलमधलं इंधन उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत) उतरतं, तर इंजिनावरच्या यांत्रिक पंपात वाफ अडकते. सेल्फ मारत राहायचं, बॅटरी उतरायची. आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणून जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक नंबर मोठा घालावा लागतो आणि जुने रबरी पाइपही बदलावे लागतात. कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा जाड ठोकळा, मध्ये पत्र्याची ढाल, टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप आणि टाकीकडे परतीची लाइन, हे सगळं केल्यावर त्रास निम्म्यावर येतो. माझ्या अनुभवात तो संपत मात्र नाही.

एफ10डीमध्ये पंप टाकीच्या आत असतो आणि लाइनमध्ये अडीच-तीन बार दाब असतो, त्यामुळे वाफ धरायला वाव फार कमी. किल्ली फिरवली की गाडी सुरू. ऑक्सिजन सेन्सर मिश्रणही बऱ्याच अंशी सावरून घेतो.

त्याची किंमत वायरिंगमध्ये मोजावी लागते. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, अख्खा घ्या, कापलेला घेऊ नका. इमोबिलायझर (चोरी रोखणारं किल्लीचं कुलूप) असेल तर ईसीएम (इंजिनाचा संगणक) आणि किल्ली एकाच गाडीची हवी. कार्ब्युरेटरची टाकी चालत नाही. इंजेक्शनवाल्या 800 ची पंपासह टाकी आणि उच्च दाबाची लाइन घालावी. पंप आणि रेडिएटरच्या पंख्याला स्वतंत्र रिले द्या. वेगाचा सेन्सर राहून गेला तर क्लच दाबून थांबताना इंजिन बंद पडतं, आणि मिस्त्री उगाच थ्रॉटल साफ करत बसतो. हे सगळं वायरिंगचा नकाशा समोर ठेवून काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

कागदांचं काम दोन्हींत तितकंच अवघड. सीसी बदलते, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबाबतचं कलम 52 लागू होतं, आणि कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळ्या बदलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कडक भूमिका घेतली आहे. एमएच-18 (धुळे), 19 (जळगाव) किंवा 39 (नंदुरबार), जे आरटीओ लागू असेल तिथून लेखी परवानगी हातात आल्याशिवाय इंजिनाचे पैसे देऊ नका. नंतर विमा कंपनीलाही कळवा.

गाडी थंडीत, सकाळ-संध्याकाळच चालणार असेल आणि गावात इंजेक्शन समजणारा कोणी नसेल, तर झेनचं इंजिन वाईट नाही. उन्हाळ्यात रोज वापरायची असेल तर मी एफ10डीच सुचवीन, वायरिंगवर चार दिवस जास्त गेले तरी.