वरवर ठणठणीत दिसणाऱ्या रुग्णासाठी घरपोच परिचारिका: कोथरूडमधील एका ब्युरोचा अनुभव

माझे वडील स्वतःच्या हाताने जेवतात, वर्तमानपत्र वाचतात आणि आल्यागेल्याशी गप्पाही मारतात, त्यामुळे त्यांच्यासाठी परिचारिका कशाला, असे नातेवाईक विचारत. परंतु जुन्या मधुमेहामुळे साखर उतरल्याची सूचना त्यांचे शरीर आता वेळेवर देत नाही, आणि हृदयासाठी चालू असलेल्या बीटा ब्लॉकर गोळीमुळे धडधड व थरथर ही उरलीसुरली लक्षणेही दबून जातात. म्हणून कोथरूडमधील एका ब्युरोकडून आम्ही जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही परिचारिकेची पदविका) झालेल्या सिस्टर दिवसपाळीसाठी घेतल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी साखर तपासण्याआधी औषधांची फाइल मागितली. बीटा ब्लॉकरचे नाव दिसताच त्या म्हणाल्या, "दादा, या गोळीने घाम लपत नाही. बाबांची कॉलर ओली लागली तर आधी साखर बघा, मग मला फोन करा." साखर ७०च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि पेढा देऊ नये, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो, हेही त्यांनी आईला नीट समजावले. (आमच्या घरी अशा वेळी पेढाच पुढे केला जाई.)

रक्तदाब त्या आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजत. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० हून अधिक घसरतो, हे त्यांच्या वहीतील नोंदींमुळेच डॉक्टरांच्या लक्षात आले व गोळ्यांच्या वेळा बदलल्या. संवेदना गेलेल्या तळपायांची, बोटांच्या बेचक्यांसह, रोजची पाहणीही त्यांनी कधी चुकवली नाही.

एवढ्या चांगल्या कामाला ब्युरोच्या बदली व्यवस्थेने मात्र गालबोट लावले. सिस्टरांच्या साप्ताहिक सुट्टीला दर तोच लावून, रुग्णसाहाय्यकाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या मावशींना पाठवण्यात आले. त्या मनमिळाऊ होत्या. पण दुपारी वडील अवेळी झोपले, तेव्हा "पेशंट शांत झोपले आहेत" एवढेच त्यांनी वहीत लिहिले. आईने सिस्टरांची सूचना आठवून साखर पाहिली, तर ती ५८ निघाली. तक्रार केल्यावर कार्यालयातून उत्तर आले, "पेशंट तर ठणठणीत दिसतात." नेमके त्याचसाठी आम्ही पैसे मोजत होतो!

पुढे बदलीला नोंदणीकृत परिचारिकाच पाठवण्याचे ब्युरोने मान्य केले आणि आतापर्यंत तसे होतही आहे. ही सेवा घ्यायची असल्यास महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नेहमीच्या व बदलीच्या अशा दोघींचीही पाहावी आणि सुट्टीच्या दिवसाचा दर वेगळा लिहून घ्यावा. सिस्टरांसाठी मी पूर्ण गुण देईन. ब्युरोच्या कार्यालयाला जेमतेम पास करेन.