पोलर की कार्टेशियन: गणित बघून कसं ठरवायचं

बिंदू एकच असतो, फक्त त्याचा पत्ता सांगायच्या पद्धती दोन. कार्टेशियनमधे आडवं किती नि उभं किती ते सांगायचं, म्हणजे एक्स आणि वाय. पोलरमधे आरंभबिंदूपासून किती लांब (आर) आणि कुठल्या दिशेला (थीटा), आणि हा कोन एक्स अक्षाच्या उजव्या बाजूपासून घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजायचा. यातली चांगली कुठली असं विचारण्यात अर्थ नाही, गणितात काय दिलंय ते बघा.

केंद्र आरंभबिंदूवर आणि त्रिज्या ५ असलेलं वर्तुळ घ्या, कार्टेशियनमधे एक्स² + वाय² = २५ आणि पोलरमधे नुसतं आर = ५, संपलं. तीन पाकळ्यांचं फूल तर आर = कॉस ३थीटा एवढंच, तेच कार्टेशियनमधे (एक्स² + वाय²)² = एक्स³ − ३एक्सवाय², आता हे बघून कुणाच्या डोळ्यापुढे फूल येणार? पण उभी रेषा एक्स = ३ पोलरमधे उगाच आर = ३ सेक थीटा होते. दोन बिंदूंमधलं अंतर किंवा सदिशांची बेरीज असेल तर सरळ कार्टेशियन, कारण पोलरमधे अंतराला कोसाइनचा नियम लावत बसावं लागतं. आकृती आरंभबिंदूभोवती ४० अंशांनी फिरवायची असेल तर मात्र पोलर, कोनात ४० मिळवले की झालं.

पोलरमधे एकाच बिंदूला कितीतरी पत्ते असतात, (२, ३०°), (२, ३९०°) आणि (−२, २१०°) हे तिन्ही एकच (आर उणे असेल तर कोनाच्या नेमक्या उलट दिशेला जायचं). त्यामुळे आर = साइन थीटा आणि आर = कॉस थीटा कुठे छेदतात हे समीकरण सोडवून काढलं तर ४५° वरचा बिंदू मिळतो पण आरंभबिंदू निसटतो, कारण एक वक्र तिथे ०° ला पोचतो नि दुसरा ९०° ला. म्हणून आकृती काढाच.

रूपांतरात पोलरवरून कार्टेशियन डोळे मिटून करा: एक्स = आर कॉस थीटा, वाय = आर साइन थीटा, (४, ६०°) चे झाले (२, २√३). घोळ होतो तो उलट जाताना. आर² = एक्स² + वाय² ठीक आहे, पण टॅन थीटा = वाय/एक्स वर विसंबून राहू नका. (−३, ३) घ्या, आर आला ३√२, भागाकार −१, आणि कॅल्क्युलेटर म्हणतो −४५°, जो चौथ्या चरणात आहे (दोन अक्षांमुळे प्रतलाचे जे चार भाग होतात त्यातला प्रत्येक म्हणजे चरण), आपला बिंदू तर दुसऱ्या चरणात! १८० मिळवा, १३५° हे खरं उत्तर. म्हणून आधी चरण बघायचा, मग बटण दाबायचं, आणि कोडिंग करत असाल तर एटॅन२ (atan2) हे वाय आणि एक्स वेगवेगळे घेऊन कोन देणारं फंक्शन वापरा, त्याला चरण कळतो, फक्त बहुतेक भाषांमधे त्यात वाय आधी द्यायचा असतो.

समीकरण बदलताना एक युक्ती फार कामाला येते, दोन्ही बाजूंना आर ने गुणायचं. आर = ४ कॉस थीटा चं होतं आर² = ४ आर कॉस थीटा, म्हणजे एक्स² + वाय² = ४एक्स, आणि वर्ग पूर्ण केला की (एक्स − २)² + वाय² = ४, त्रिज्या २ चं वर्तुळ.

दुहेरी इंटिग्रलमधे प्रदेश गोल असेल किंवा आत एक्स² + वाय² दिसत असेल तर पोलरच घ्या, फक्त डीएक्स डीवाय च्या जागी आर डीआर डीथीटा लिहायचं, तो जास्तीचा आर विसरला की पुढचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं.