अंगठ्याला छिद्र हवं की नको? रेकॉर्डर घ्यावा की बासरी

पोरासाठी फुंकून वाजवायचं काहीतरी घ्यायचंय, काय घेऊ, असं कुणी विचारलं की मी वाद्य पालथं करून दाखवतो. रेकॉर्डर, म्हणजे उभं धरून वाजवायचं पाश्चात्त्य फुंकवाद्य, त्याच्या पाठीवर अंगठ्यासाठी छिद्र असतं, आपल्या आडव्या बासरीच्या पाठीवर नसतं. निम्मा निर्णय तिथेच होतो.

रेकॉर्डरला (टेप रेकॉर्डर नव्हे, हे दुकानात सांगावं लागतं) पुढे ७ छिद्रं आणि मागे डाव्या अंगठ्यासाठी १. खालच्या सप्तकात अंगठ्याने ते पूर्ण झाकायचं. वर चढायचं झालं की अंगठा किंचित वाकवून नखाच्या कडेशी बारीक फट सोडायची. नळीतल्या हवेचं मूळ कंपन त्या फटीने बिघडतं आणि सूर वर उडी घेतो. फट जरा मोठी झाली की सूर फाटलाच! नवशिक्याचा घाम इथेच निघतो. पण तोवर तो बऱ्याच सोप्या धुना वाजवू लागलेला असतो, कारण वाद्याचं तोंड शिट्टीसारखं असल्याने पहिल्याच दिवशी आवाज येतो.

बासरीत दोन्ही अंगठ्यांना बांबू तोलून धरण्यापलीकडे काम नाही. सप्तक बदलायचं ते ओठांनी आणि फुंकेने: ओठांतली फट आवळायची, हवा वेगाने सोडायची. त्यामुळे सुरुवात रडवते. कित्येकांना पहिला स्वच्छ सूर लागायलाच आठवडा जातो, वर डोकं गरगरतं ते वेगळंच. मोबदला मात्र मोठा आहे. बोट छिद्रावरून अलगद सरकवलं की मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) येते, अर्धं उघडलं की कोमल स्वर. रेकॉर्डरवर जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो. बासरीत हा फरक ओठांनी सावरता येतो. मुलगा राग शिकणार असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही.

दोन्हींच्या मधली आयरिश संगीतातली टिन व्हिसल. तोंड शिट्टीचं, छिद्रं बासरीसारखी ६, अंगठ्याचं एकही नाही. वरचं सप्तक नुसत्या जोरदार फुंकेने. जत्रेत मिळणारी उभी बासरी साधारण याच जातीची, पण ती सुरात असेलच असं नाही.

रेकॉर्डर ठरलाच, तर बरोक बोटपद्धतीचा (कुठल्या सुराला कुठली छिद्रं झाकायची, त्याची एक पद्धत) घ्या, जर्मन नको. यामाहाच्या प्लास्टिक सोप्रानोंत (छोट्या, उंच सुराच्या रेकॉर्डरांत) वायआरएस-२४बी बरोक आहे, वायआरएस-२३ जर्मन. जर्मन पद्धतीत एफ हा सूर सोपा होतो, पण एफ शार्प (एफच्या लगतचा वरचा सूर) बेसूर लागतो, आणि पुढे बरोककडे वळताना काही बोटं नव्याने बसवावी लागतात. डावखुऱ्या मुलांचं म्हणाल, तर बासरीची छिद्रं एका रेषेत असतात, त्यामुळे ती डावीकडेही धरता येते. रेकॉर्डरची खालची जोडछिद्रं उजव्या हाताच्या बेतानेच पाडलेली असतात.

बासरी ठरली, तर बासरीवादक पन्नालाल घोषांनी रूढ केलेल्या ३२ इंची लांब बासरीच्या मोहात पडू नका. लहान बोटं तिथवर पोचत नाहीत. सी मिडियम (मधल्या आकाराची, जिचा सा पाश्चात्त्य सी सुरावर असतो), साधारण १९ इंचांची, पुरते. तीही हाताला ताण देत असेल तर आणखी आखूड. आणि विकत घेण्याआधी दुकानदाराकडूनच मध्य आणि तार सा वाजवून घ्या, मोबाइलवरच्या ट्यूनरसमोर (सूर बरोबर लागतोय का ते दाखवणारं ॲप).