कुडाळहून फुटबॉल मॅच बघायला कुठे जायचं: फातोर्डा, अंधेरी की कोल्हापूर?

माझा भाचा बारावीला आहे. रात्री साडेबाराला मोबाईलवर लिव्हरपूल बघत बसतो, तिकडच्या लोकांची गाणी तोंडपाठ, पण खऱ्या गर्दीत उभा राहून आजवर एकदाही ओरडलेला नाही. गणपतीत घरी आला तेव्हा म्हणाला, मामा एकदा तरी स्टेडियमला ने, पण कुठे न्यायचं ते तूच ठरव. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, कारण कुडाळ, सावंतवाडी, मालवण, कणकवली या पट्ट्यातल्या बऱ्याच पोरांचा हाच प्रश्न असतो. आपल्याकडे मोठं फुटबॉल स्टेडियम नाही, पण खाली गोवा, घाटावर कोल्हापूर आणि वर मुंबई अशा तीन एकदम वेगळ्या जागा एका रात्रीच्या आत गाठता येतात. खेळाचा दर्जा टीव्हीवर दिसतोच, त्यामुळे मी फक्त वातावरणाचं बोलणार, म्हणजे गर्दी, आवाज आणि तिथे बसल्यावर अंगात काय होतं ते.

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकलेल्या माणसाला माझं म्हणणं लगेच कळेल. एक बुवा गजर म्हणतो, समोरचा त्याला उत्तर देतो, आणि मंडपातली माणसं नुसती ऐकत नसतात, कोण कोणाला भारी पडतोय यात पूर्ण अडकलेली असतात. फुटबॉलची गर्दी तशी असली तर मॅच रंगते. समोर दुसरी बारीच नसेल तर एकटा बुवा कितीही गोड गळ्याचा असला तरी तासाभराने लोक चहाला उठतात. तिन्ही ठिकाणं मी याच मापाने मोजलीत, स्टेडियम किती नवीन, खुर्च्या किती चकचकीत यावर नाही.

आधी फातोर्डा. मडगावचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, १९८९ सालचं, साधारण १९ हजार माणसं बसतील एवढं. पूर्वी इथे क्रिकेटच्या वनडेही झाल्यात, पुढे २०१४ च्या लुसोफोनिया गेम्ससाठी नवं रूप मिळालं, २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकपच्या मॅच झाल्या. एफसी गोवा इथेच खेळते, नारिंगी जर्सी, आणि ईस्ट लोअर स्टँडमध्ये त्यांची ईस्ट लोअर आर्मी ड्रम घेऊन उभी. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकीट त्याच बाजूचं काढावं असं मी सांगेन, समोरच्या स्टँडमधून ती गर्दी छान दिसते पण फक्त दिसते.

फातोर्ड्याची खरी गंमत म्हणजे तिथले प्रेक्षक पिढ्यानपिढ्या फुटबॉल बघत आलेले आहेत. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावं आपल्या वडिलांच्या पिढीलाही माहीत, एकट्या धेंपोनेच पाच वेळा देशाची लीग जिंकलीय. त्यामुळे तुमच्या बाजूला साठीचा एखादा अंकल बसलेला असतो, जो गोल झाल्यावर उडी मारणार नाही पण डिफेंडरने चुकीच्या पायाने बॉल घेतला की कोकणीतून असं काही बोलतो की आपल्याला मालवणीतून ते शंभर टक्के कळतं. पूर्वी ब्रँडन, नंतर ब्रायसन फर्नांडिससारख्या गोव्याच्याच पोराच्या पायात बॉल आला की आवाजाची जातच बदलते. घरचा मुलगा शिकून आल्यावर वाडीत होतो ना, तसला आवाज.

आणि तिथली शांतता पण ऐकण्यासारखी आहे. २४ एप्रिल २०२४, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलची पहिली लेग (दोन मॅचमधली पहिली), गोवा विरुद्ध मुंबई सिटी, आम्ही चौघं गाडी करून गेलो होतो. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे, लोक नाचतायत, अनोळखी माणसं गळ्यात पडतायत, आणि मग मुंबईचा छांगते, लगेच विक्रम प्रताप, आणि शेवटी परत छांगते, सहा-सात मिनिटांत तीन गोल आणि मुंबई ३-२. एवढे लोक एकदम गप्प झाल्यावर काय होतं ते टीव्हीवर कळणारच नाही, कारण टीव्हीवर कॉमेंट्री चालूच असते. माझ्या शेजारी बसलेला मित्र फक्त एवढंच म्हणाला, ‘ह्या खरा नाय.’ परत येताना पत्रादेवीपर्यंत गाडीत कुणी तोंड उघडलं नाही. त्या रात्रीची आठवण मला २०१५ च्या ७-० पेक्षा, म्हणजे याच मैदानावर गोव्याने मुंबईला धुतलं होतं त्यापेक्षा, जास्त जवळची आहे, आणि मी गोव्याचा सपोर्टर आहे हे लक्षात घ्या.

पण कुठलीही मॅच पकडून गेलात तर हे मिळेलच असं नाही. आयएसएलमध्ये टीम देशभर पसरलेल्या, गुवाहाटीच्या टीमचे लोक मंगळवारी रात्री मडगावला कसे येणार, म्हणजे समोरची बारी बहुतेक वेळा रिकामी. म्हणून फातोर्ड्याला जायचं तर गोवा-मुंबई बघा, कारण मुंबईचे लोक कोकण रेल्वेने येतात, नाहीतर केरळा ब्लास्टर्सची मॅच बघा, त्यांचे पिवळ्या जर्सीतले लोक कुठेही पोचतात. मार्च २०२२ ची हैदराबाद विरुद्ध केरळा फायनल फातोर्ड्यालाच झाली होती, त्याचे व्हिडिओ बघा, स्टेडियम गोव्याचं आहे असं वाटतच नाही.

जाणं-येणं सोपं आहे, कोकण रेल्वेने मडगाव, नाहीतर बांदा-पत्रादेवी-म्हापसा करत हायवेने, पर्वरीला ट्रॅफिक लागतो तेवढा वेळ हातात ठेवा. मॅच साडेसातची असेल तर सुटेपर्यंत साडेनऊ होतात, म्हणून परतीला स्वतःची गाडी बरी. बायका-मुलं, आजी-आजोबा सगळ्यांना घेऊन जाता येईल असं तिघांतलं हे सगळ्यात चांगलं ठिकाण.

अंधेरीचं थोडक्यात सांगतो. शहाजीराजे क्रीडा संकुलातलं मुंबई फुटबॉल अरेना, आझादनगर मेट्रो स्टेशनच्या जवळ, सात-आठ हजार माणसांचं छोटंसं मैदान. मुंबई सिटी आधी नेरूळच्या डी. वाय. पाटीलला खेळायची, २०१६ पासून इकडे आली, आणि वातावरणाच्या दृष्टीने ते फार बरं झालं असं मला वाटतं, कारण डी. वाय. पाटील क्रिकेटचं स्टेडियम, तिथे प्रेक्षक आणि टचलाईन यांच्यामध्ये एवढी जागा की ओरडलेलं हवेतच विरतं. अंधेरीला प्लेअर एकमेकांना काय सांगतायत, कोच कुणावर भडकलाय, टॅकलला बुटाचा आवाज कसा येतो, हे सगळं ऐकू येतं. वेस्ट कोस्ट ब्रिगेड म्हणून त्यांचा ग्रुप आहे, संख्येने फातोर्ड्याएवढे नाहीत, पण मैदान लहान असल्यामुळे पाचशे माणसांचा आवाजही भरून येतो.

या मैदानाचं नाव काढलं की मला जून २०१८ आठवतं. भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये अडीच हजाराच्या आसपास माणसं. त्यानंतर छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. दोनच दिवसांनी केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, धो धो पाऊस, आणि सगळी तिकिटं संपलेली. भारत ३-०, त्याचे दोन गोल. मी ती कुडाळला घरात बसून बघितली आणि अजून वाईट वाटतं की रात्रीची गाडी पकडून गेलो नाही. तीच जागा, त्याच खुर्च्या, तीच टीम, बदलली ती फक्त माणसं.

कोकणातून अंधेरी म्हणजे रात्रीची कोकणकन्या, दादरला उतरून लोकल, दिवसभर नातेवाईकांकडे, संध्याकाळी मॅच, आणि परतीला मध्यरात्रीनंतर दादरहून तुतारी. तरुण पोरांना जमेल, दोन रात्री गाडीत काढायची तयारी हवी. मुंबईत काका-मावशी असेल, काही कामही असेल, तर जोडून घ्या. फक्त मॅचसाठी एवढा प्रवास करायचा तर मी भारताची इंटरनॅशनल मॅच असेल तरच सांगेन.

आता कोल्हापूर, आणि इथे मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्याकडच्या लोकांना हे माहीतच नसतं. कोल्हापूरला आपण अंबाबाईला जातो, हॉस्पिटलच्या कामाला जातो, पांढरा रस्सा पिऊन परत येतो, आणि तिकडे राजर्षी शाहू स्टेडियमवर काय चाललंय याचा पत्ताच नसतो. तिथे टीम कंपनीच्या नाहीत, पेठेच्या आणि तालमीच्या आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, त्याच मंडळाचा गणपती, त्याचीच फुटबॉल टीम, आणि त्याच गल्लीतला मुलगा स्ट्रायकर. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

तिथे छप्पर नाही, बकेट सीट नाही, काँक्रीटच्या पायऱ्या, मॅच दुपारी चारच्या सुमाराला, ऊन डोळ्यात येतं. पण दोन्ही बाजूंचे लोक त्याच शहरातले, चालत आलेले, एकमेकांच्या शाळेतले. म्हणजे पूर्ण वेळ डबलबारी! एका बाजूने आरोळी उठली की दुसरीकडून उत्तर तयारच असतं, मोठ्या स्क्रीनवर कुणाला ‘टाळ्या वाजवा’ असं लिहावं लागत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तटस्थ म्हणून बसलो होतो, वीस मिनिटांनी शेजारच्या काकांनी विचारलं, पाव्हणं कुठल्या तालमीचं, मी म्हटलं कुडाळचा, ते म्हणाले मग आज आमचे व्हा. हाफटाईमला त्यांनी शेंगदाणे दिले आणि सेकंड हाफला मी घसा बसेपर्यंत ओरडत होतो, ज्या टीमसाठी ओरडलो तिचा एकही प्लेअर मला आधी माहीत नव्हता.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ईर्ष्या टोकाची आहे, कधीकधी हुल्लडबाजी होते, पोलीस बंदोबस्त असतो, शिव्या असतात. मी गेलो तेव्हा बायका-मुली कमीच दिसल्या. लहान मुलाला घेऊन पहिल्यांदा फायनलला जाऊ नका, साधी लीगची मॅच बघा, मधल्या भागात बसा. तिकीट अगदीच कमी असतं, त्यामुळे कॉलेजची पोरं, रिक्षावाले, दुकान बंद करून आलेले लोक सगळे शेजारी शेजारी.

मला वाटतं ‘मॉडर्न’ स्टेडियममध्ये आवाज कमी का झाला याचं उत्तरही इथेच आहे. इंग्लंडमध्ये १९८९ ला हिल्सबरो स्टेडियमला चेंगराचेंगरी झाली, त्यात ९७ माणसं गेली, मग त्याच्या चौकशीचा टेलर रिपोर्ट आला आणि मोठ्या क्लबांना उभं राहून बघायच्या पायऱ्या काढून सगळीकडे खुर्च्या लावायला लागल्या. ते करायलाच हवं होतं, माणसाच्या जिवापुढे वातावरण काय घेऊन बसलात. पण तिकडे नंतर तिकिटं महाग होत गेली, आणि जे पोरगे घोळक्याने उभे राहून गाणी सुरू करायचे ते विखुरले. जर्मनीत डॉर्टमुंडला अजूनही साधारण पंचवीस हजार लोक एका स्टँडमध्ये उभे राहतात, सुरक्षित राहतात, आणि त्या माणसांच्या भिंतीचा आवाज आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलाय. इंग्लंडनेही जानेवारी २०२२ पासून काही मैदानांवर ठरावीक भागात उभं राहायला परत परवानगी दिली. म्हणजे सुरक्षा आणि आवाज दोन्ही जमतं, फक्त गाणारी माणसं एका जागी पाहिजेत आणि तिकीट त्यांच्या खिशाला झेपलं पाहिजे.

आपल्याकडेही एका मोठ्या मैदानावर, नाव नको, मला फार वाईट अनुभव आला. गोल झाला, लोकांच्या तोंडून आवाज निघतोय तेवढ्यात स्पीकरवर एवढ्या जोरात गाणं लावलं की स्वतःचं ओरडणंच ऐकू येईना, आणि गाणं बंद झालं तेव्हा सगळे खाली बसलेले. ज्यांनी हे ठरवलं त्यांना कुणीतरी एकदा कोल्हापूरच्या पायऱ्यांवर बसवा.

तर ठरवताना मी असं बघेन. घरच्यांसोबत, नीट खुर्ची, रात्रीचे लाईट, स्वच्छ सोय पाहिजे असेल तर फातोर्डा, आणि मॅच गोवा-मुंबईचीच. आयएसएलच्या तारखा बघूनच सुट्टी टाका, कारण २०२५-२६ चा सीझन करार संपल्याच्या घोळात रखडला होता. प्लेअर जवळून बघायचे, खेळ शिकायचाय, तर अंधेरी. त्यातलं काहीच जमत नसेल तर म्हापशाचं धुळेर स्टेडियम आहेच, गोवा प्रोफेशनल लीगची मॅच असेल तर सावंतवाडीहून संध्याकाळी जाऊन जेवायला घरी, गर्दी थोडी असते पण दर्दी असते.

भाच्याला मात्र मी कोल्हापूर सांगितलं. त्याला गाणी येतात, टॅक्टिक्स येतात, कुठला प्लेअर किती कोटींना गेला तेही येतं. त्याने एकदा अशा गर्दीत बसायला हवं जिथे मैदानात पडलेल्या प्लेअरची आई कुठल्या घरात राहते ते शेजारच्या माणसाला माहीत आहे. परीक्षा संपली की पहिल्याच मॅचला निघतोय, कणकवलीहून फोंडाघाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे, सकाळी लवकर, म्हणजे दुपारी जेवून पायऱ्यांवर चांगली जागा मिळेल. गाडीत अजून एक सीट रिकामी आहे, कुणी येणार असेल तर आत्ताच सांगा.